बारमाही उजवा कौल

कोकणात अडलानडला माणूस देवाला कौल लावतो. देव कधी उजवा देतो, कधी डावा. मुंबईच्या ब्रोकरेज कंपन्यांतल्या विश्लेषकांचे दैवत मात्र भलतेच कनवाळू. त्याचा कौल बारमाही उजवा!

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीचेच बघा. दीपक नायट्राइट, सुदर्शन केमिकल, एक्सेल इंडस्ट्रीज या बाजारात नाव असलेल्या कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. मार्च 2020 मध्ये दीपक नायट्राइटचा शेअर चारशे रुपयांच्या आत मिळत होता. ऑक्टोबर 2021 मध्ये तो तीन हजारांपर्यंत चढला. नफाही वाढला, नाही असे नाही: 2019-20 मध्ये 611 कोटी, 2021-22 मध्ये 1,067 कोटी. म्हणजे नफा पावणेदोन पट आणि भाव सात पटींहून जास्त. मधली वाढ कोणत्या रिअ‍ॅक्टरमध्ये तयार झाली, हे धाटावच्या एकाही ऑपरेटरला सांगता येणार नाही. तिचा कच्चा माल एकच, ‘चायना प्लस वन’ हे तीन शब्द, म्हणजे चीनबरोबर आणखी एक पुरवठादार देश हवा ही हाक. पुढे चिनी माल पुन्हा धो धो आला, 2025 मध्ये भाव दोन हजारांच्या खाली उतरला. मग विश्लेषकांनी दिलेली भावाची टार्गेटेही उतरली. भाव पुढे, टार्गेट मागे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

नाक्यावर चहा पिताना रात्रपाळी करून आलेला एक कामगार मोबाइलवर भाव बघत होता. विचारले, “काय दादा, माल जातोय का?”

“कसला जातोय! ड्रमवर ड्रम चढलेत. गोदामात पाय ठेवायला जागा नाय.”

“मग शेअर कशाला घेतलात?”

“अवो, टीव्हीवर साहेब बोलला ना, डिमांड तगडी हाय!”

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा टाय लावलेल्या माणसावर विश्वास, यालाच बाजारात सेंटिमेंट म्हणतात. बेकर आणि वर्गलर या अमेरिकी प्राध्यापकांनी 2006 मध्ये दाखवून दिले की हा उत्साह शिगेला पोहोचतो, तेव्हा छोट्या, नव्या, नफा नसलेल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्याला पुढे तुलनेने कमी मिळते.

त्याआधी 1996 मध्ये वोमॅक या संशोधकाने अमेरिकी विश्लेषकांचे सल्ले तपासले होते. ‘घ्या’ म्हटल्यावर शेअर महिनाभरात सरासरी जेमतेम 2.4 टक्के पुढे सरकले आणि तिथेच थांबले. ‘विका’ म्हटल्यावर मात्र सहा महिन्यांत 9.1 टक्के मागे पडले. म्हणजे कामाचा सल्ला डावाच. पण तो द्यायचा कुणी? ‘विका’ लिहिणाऱ्याला कंपनीचे साहेब पुन्हा भेटत नाहीत, आणि त्याच ब्रोकरेजचा शेजारचा विभाग त्याच कंपनीच्या शेअरविक्रीचे काम मिळावे म्हणून पुष्पगुच्छ घेऊन उभा असतो.

तेव्हा विश्लेषक ‘बाय’ म्हणाला तर मान डोलवा. ‘होल्ड’ म्हणाला तर कान टवकारा. आणि चुकून ‘सेल’ म्हणालाच, तर त्याची नोकरी जायच्या आत विकून मोकळे व्हा.