जुर्दांसाहेब, तुमचं टेबल राखीव आहे

श्री. पिएर आंत्वान लेपार्दी जुर्दां यांस,
मु. चार्टर्स स्ट्रीट, न्यू ऑर्लिन्स.

सा. न. वि. वि.

तुम्हाला ‘श्री.’ लिहावं की ‘कै.’, यावरून आमच्या घरात वाद झाला. हिचं म्हणणं, माणूस १८१४ साली गेला म्हणतात, तर ‘कै.’च लिहा. पण कैलासवासी म्हणावं तर तुम्ही तिकडे गेलाच नाहीत. दोनशे वर्षं झाली, मुक्काम अजून जॅक्सन स्क्वेअरच्या कोपऱ्यावरच. म्हणून ‘श्री.’

आम्ही ह्यूस्टनहून भाच्याच्या गाडीतून सहा तास आलो ते तुमच्यासाठी. गम्बोचं कालवण काय, तुमच्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. आमच्याकडे वाड्यात मुंजा आहे अशी नुसती कुजबूज झाली, तरी भाडेकरू बोजाबिस्तरा आवरतो. तुमच्या गावात भूत म्हणजे हॉटेलची मोक्याची जागा. तुमच्याच घरातल्या म्युरियल्स हॉटेलात तुमच्या नावाचं टेबल कायम राखीव, त्यावर पाव आणि वाइन. आम्हाला मात्र आधी नाव नोंदवावं लागलं. मेल्यावर माणसाची पत वाढते, ती अशी.

तुमची कर्मकथा वाढप्यानं गम्बोबरोबरच वाढली. २१ मार्च १७८८, गुड फ्रायडे. चार्टर्स स्ट्रीटवरच्याच एका घरात देव्हाऱ्यापुढच्या मेणबत्तीनं आग लागली. त्या पवित्र दिवशी घंटा वाजवायची नाही, म्हणून चर्चनं गावाला सावध केलं नाही असं सांगतात. (नियम म्हणजे नियम, यात परकं वाटण्यासारखं आम्हाला काहीच दिसलं नाही.) अकराशेच्या आसपास इमारतींपैकी ८५६ जळाल्या. पुढे तुम्ही त्यांतलीच ही जळकी वास्तू घेऊन हौसेनं बांधलीत आणि १८१४ मध्ये पोकरच्या एका डावात घालवलीत. ताबा सोडण्यापेक्षा वरच्या मजल्यावर जीव दिलात.

त्याची थट्टा मी करणार नाही. पत्त्यांबद्दल मात्र एक शंका आहे. पोकरच्या सर्वांत जुन्या लेखी आठवणींपैकी एक जो कॉवेल या इंग्रज नटाची आहे, आणि ती १८२९ सालच्या डावाची. मग तुम्ही पंधरा वर्षं आधीच कसे हरलात? कदाचित तो फ्रेंचांचा ‘पोक’ असेल. पण ‘पोकमध्ये घर घालवलं’ असं सांगून पाटीवर भूत लावता येत नाही, हे मलाही कळतं.

गाव तुमच्या हयातीतच स्पेनकडून फ्रान्सकडे आणि १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरांच्या सौद्यात अख्ख्या लुईझियानासकट अमेरिकेकडे गेलं. हस्तांतराचा तो सोहळा तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, काबिल्दो या इमारतीत झाला. फ्रान्सचा सत्ताधीश प्रांत विकून मोकळा झाला आणि तुम्ही एका घराला चिकटून बसलात!

वरच्या लाउंजमध्ये तुमची वाट पाहत आम्ही अर्धा तास बसलो. गार वारं आलं, ते एसीचं निघालं. तेवढ्यात वाढपी सहज बोलून गेला की याच भागात पूर्वी गुलामांना ठेवत, असंही म्हणतात. पुढच्या टेबलावर पाणी द्यायचं होतं, तो निघून गेला. हिनं मला विचारलं, “त्यांचं टेबल कुठलं?”

साहेब, तुम्ही सांगा. आमच्या धर्मराजानं माणसं पणाला लावली, तर त्यापायी अठरा अक्षौहिणी सैन्य कामी आलं. तुमच्या गावात देशातला सगळ्यात मोठा गुलामांचा बाजार भरायचा, आणि रात्री पाव मांडला जातो तो वाडा हरलेल्याला. तुम्ही नावानिशी भूत झालात, कारण तुमच्या नावावर घर होतं. नाव नसलेल्यांनी घिरट्या तरी कुठल्या पत्त्यावर घालायच्या? तुम्ही दोनशे वर्षं त्याच मजल्यावर आहात. भेट होत असेलच. एखाद्या रात्री पाव अर्धा करून बघा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक न घाबरलेला गिऱ्हाईक

ता. क. – निघताना माझ्या पावाचा अर्धा तुकडा हिनं रुमालात बांधून घेतला आणि समोर चौकात, बाकाजवळ ठेवला. बराच वेळ कावळा काही दिसेना. शेवटी एक कबुतर आलं. आम्ही चालवून घेतलं.