पार्किंगमधले सर्पतज्ज्ञ व्हा!

सोसायटीत साप निघाला की एक तज्ज्ञ लागतो. जागा सहसा रिकामीच असते, पटकावा. अभ्यास लागत नाही, घसा लागतो.

१. साप दिसण्याआधीच "विषारी आहे!" म्हणून ओरडा. पहिल्या वेळी आवाज चिरकतो, सगळ्यांचाच चिरकतो. मराठीने तुमची मोठी सोय केली आहे: नागाच्या दातातलं ते विष आणि बिट्टीच्या बीमधलंही विषच. पहिलं दाताने किंवा नांगीने अंगात टोचावं लागतं, दुसरं आपण आपल्या हाताने तोंडात घालतो. कोणी हा फरक काढलाच, तर "ते पुस्तकात" म्हणा.

२. लांबलचक, पळायला वाट शोधणारी असेल तर बहुधा धामण. तिला विष नाही, ती उंदीर खाते. हे मनातच ठेवा, नाहीतर गर्दी पांगेल. "म्हशीचं दूध पिते" एवढं मात्र जरूर सांगा.

३. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके, कुकरसारखा फुत्कार: घोणस. उत्साही मंडळी तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात. जाऊ द्या. तुम्ही मागच्या रांगेत.

४. कोणाला चावलाच, तर कडुलिंबाचा पाला चघळायला द्या. कडू लागला नाही तर विष चढलं! विष रक्तात, परीक्षा जिभेची. मण्यार असेल तर सोन्याहून पिवळं: चावल्याची खूण धड दिसत नाही, फारसं दुखतही नाही, त्यामुळे "काही झालं नाही, झोपा" म्हणता येतं. आणि झोपेतच श्वासाचे स्नायू लुळे पडायला लागतात. दरम्यान दोरी करकचून बांधा, ब्लेडने चिरा, चोखा. सरकारी दवाखान्याचं नाव मात्र निघू देऊ नका. तिथे घोड्यांच्या रक्तातून तयार केलेलं एकच औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. ना मंत्र, ना कोंबडी. मग तुम्हाला कोण विचारणार?

५. भाषण कुंपणाला टेकून करा. आमच्याकडे कुंपण बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं आहे. परवा मी तिथेच टेकून नागमण्यावर बोलत होतो. धामण केव्हाच गटारातून पसार झालेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू परडी घेऊन महादेवासाठी पिवळी फुलं तोडत होत्या, बोटांना लागलेला पांढरा चीक पदराला पुसत होत्या. शेजारी नातू फरशीवर बिट्टीची फळं ठेचून आतल्या बिया काढत होता. ही बी चावून पोटात गेली तर हृदयाचे ठोके चुकतात, पण तो विषय माझ्या भाषणात नव्हता.

"गेला का रे तो साप?" काकूंनी विचारलं. "मुलं खेळतात इथे."