नुकतेच जाऊन आलेले

काही माणसं शुक्रवारी संध्याकाळी एक पिशवी घेऊन परगावच्या मित्राकडे जातात आणि रविवारी रात्री सहा पिशव्या नि एक नवी मायभूमी घेऊन परततात. आमच्या सोसायटीतले अण्णा त्यातले. जन्म पुण्यातला, नोकरी पुण्यातली, पेन्शनही इथल्याच बँकेत जमा होते. पण कॉलेजातले मित्र बापू कोल्हापूरचे. त्यांच्याकडे दोन रात्री काढून आले की पुढचे पंधरा दिवस अण्णांना पुणे परमुलूख वाटू लागतं.

परत येण्याची सुरुवात अर्थात कोल्हापुरातच होते, आणि ती फार लांबते. 'जेवण झालं की निघायचं' असं अण्णांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सकाळी बजावलेलं असतं. पण तांबडा-पांढरा वरपल्यावर कोल्हापुरात कोणी निघत नाही, आडवं होतं. चारला चहा. चहा झाला की बापूंच्या धाकट्या भावाचं घर, कारण तिकडे न डोकावता गेलं तर वैनींना काय वाटेल? तिथे परत चहा, वर भडंग. मग काकूंची ओटी. मग 'गूळ घेतल्याबिगर सोडत न्हाई' म्हणून बापू स्वतः जाऊन ढेप आणतात, अख्खी. शेवटी गाडी सुरू होते, तेव्हा बापू खिडकीवर कोपर टेकवतात आणि दोन दिवसांत निघाला नव्हता असा विषय काढतात. बहुधा तो कॉलेजातल्या कोणाच्या तरी जमिनीच्या वाटणीचा असतो. इंजिन बंद करावं लागतं. "निघतो आता," हे वाक्य अण्णा दिवसभरात किती वेळा म्हणतात याचा हिशेब काकूंनी सोडून दिला आहे. त्या सरळ गाडीत बसून डोळे मिटतात.

पुढे सव्वादोनशे किलोमीटर. रविवारी रात्री त्या रस्त्यावर जो जो असतो तो पुण्यालाच चाललेला असतो, त्यामुळे अण्णांना वाटेत चिडायला भरपूर माणसं मिळतात. पेठ नाक्याला बापूंचा फोन, "कुठवर आलास मर्दा?" कऱ्हाडला फोन. साताऱ्याला तिसरा, तेव्हा अण्णा कंदी पेढ्यांच्या रांगेत असतात. (कोल्हापूरहून येताना साताऱ्याचे पेढे कशाला, हा प्रश्न काकू एकदाच विचारून बसल्या होत्या.) खंबाटकीला वर्षानुवर्षं जाताना घाट चढावा लागायचा आणि येताना बोगदा मिळायचा, त्यावर अण्णांचं भाष्य ठरलेलं आहे: "कोल्हापूरला जायला कष्ट पडतात आणि पुण्याकडे वळलं की अंधार." खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर ते सुस्कारा टाकतात. "इथून माणुसकी संपली." वास्तविक टोल फास्टॅगवरून कापला जातो, बोलायला तिथे कोणी माणूसच नसतो.

सोमवारी सकाळी पहिला बळी पिशवीतल्या दुधाचा. अण्णा चहाचा घोट घेऊन कप लांब धरतात. "हे दूध?" मग गंगावेशीच्या दूध कट्ट्याची कथा. म्हैस समोर उभी, डोळ्यांदेखत धार काढलेली, फेसासकट ग्लास हातात. यंदा त्यांनी सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात असा कट्टा काढावा अशी सूचनाही मांडली. म्हैस पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये बांधायची की मेंबरांच्या, यावर सेक्रेटरींनी अर्धा तास चर्चा होऊ दिली, कारण लिफ्टच्या बिलाचा विषय त्यांना पुढच्या सभेत ढकलायचा होता.

दुधानंतर मटण, मटणानंतर पाणी, पाण्यानंतर माणसं. पायात नवी कोल्हापुरी असते. ती करकरते, त्यामुळे अण्णा जिन्यात आहेत हे तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं आणि ज्यांना जमतं ते दार लावून घेतात. बोलण्यात 'की' शिरलेला असतो. "या की, बसा की, खावा की." पण आयुष्य सदाशिव पेठेत गेल्यामुळे त्यांचा 'नाद खुळा'सुद्धा शुद्धलेखन तपासून बाहेर पडल्यासारखा वाटतो. आणि 'खावा की' म्हणून पुढे येतो तो गुळाचा खडा. ढेप अख्खी, खडा सुपारीएवढा. आदरातिथ्याच्या गोष्टी मात्र अण्णा सढळ हाताने वाढतात.

शाहू महाराजांशिवाय हे आख्यान पुरं होत नाही. महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोममधलं प्राचीन लंबगोल क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि पुढे कुस्त्यांसाठी खासबागचं मैदान बांधून घेतलं. १९१२ साली ते तयार झालं. कुठेही बसलं तरी कुस्ती दिसते. अण्णा हे इतक्या उमाळ्याने सांगतात की तिकिटं तेच फाडत होते असं वाटावं. ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच विचार येतो. परगावाहून परतलेल्या माणसाने नुसतं बोलत न बसता मैदान बांधून दाखवलं, तर त्याचं प्रवासवर्णन ऐकायला कोणाची ना नसते.

हा ताप साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी उतरतो. गूळ संपतो, चपलेची करकर मंदावते, दुधाची पिशवी पुन्हा विनातक्रार फोडली जाते. मी हे सगळं कोल्हापूरच्या थोरवीच्या खाती मांडून मोकळा झालो होतो. मग गेल्या महिन्यात एका लग्नासाठी बापूच पुण्याला आले.

पार्किंगमध्ये भेटले. धिप्पाड, मोकळा माणूस. ओळख होताच माझ्या पाठीत थाप घातली, ती मला संध्याकाळपर्यंत पुरली. मी म्हटलं, "तुमचं गाव आम्हाला न बघता पाठ आहे. अण्णा आले की पंधरा दिवस कोल्हापूरच चालू असतं."

बापू चमकले. "कोल्हापूर? आमच्याकडं आला की दोन दिवस नुसतं पुणं चालू असतंय की त्याचं! गंगावेशीला दुधाचा ग्लास हातात दिला, तर चितळ्यांच्या बाकरवडीचं सांगत बसला. ताटात मटण वाढलं की ह्याला पुण्यातल्या मिसळी आठवत्यात. हवा पुण्याची, भाषा पुण्याची, नाटकं पुण्याची. रंकाळ्यावर फिरायला नेला, तर म्हणतोय, तुम्ही एकदा खडकवासला बघायला पायजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमची आई इचारती, एवढं चांगलं गाव सोडून ह्यो हिकडं कशाला येतोय?"

तेवढ्यात जिन्यात करकर ऐकू आली आणि अण्णा गाडीची किल्ली फिरवत उतरले. दोघं खडकवासल्याला गेले. काकूही मागच्या सीटवर होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की सिंहगड रोडभर अण्णा रंकाळ्याबद्दल बोलत होते.