मावा, मैदा आणि मौन

मुंबई दाखवायची म्हटलं की लोक पाहुण्यांना गेट वे ऑफ इंडियाला नेतात, राणीच्या बागेत नेतात, फारच उत्साह असेल तर घारापुरीला. आमच्या घरात मुंबई बिस्किटांच्या वाटेने पाहायची रीत पडली आहे. त्यामागे काही थोर विचार नाही. चार माणसांचं कुटुंब एका दिवशी एका दिशेला न्यायचं तर सगळ्यांना पटेल असं ठिकाण लागतं. म्युझियममध्ये सासूबाईंचे गुडघे बोलायला लागतात, समुद्राकडे मुलगा फार तर फोटोपुरता बघतो, आणि नवरा कुठेही गेला तरी आधी बसायला जागा आहे का ते हेरतो. बेकरीत या तिघांचंही भागतं. माझं काय, हे कुणी विचारत नाही. मी पिशव्या धरते.

तशी ही मुंबई नाकानेच ओळखायची नगरी. पूर्वी लोकलमध्ये डोळे मिटून उभं असलं तरी विलेपार्ले आल्याचं कळायचं. 1929 साली सुरू झालेल्या पार्ले कंपनीच्या कारखान्यातून भाजत्या बिस्किटांचा वास थेट डब्यात शिरायचा आणि दाराशी लोंबकळणारे हेडक्लार्क, वकील, दलाल घटकाभर सगळे दुसरीच्या वर्गातले होऊन जायचे. 2016 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता पार्लं उद्घोषणेवरून ओळखायचं. उद्घोषणा अगदी स्पष्ट असते, पण ती ऐकून कुणाला भूक लागत नाही.

आमची सुरुवात ठरलेली, धोबी तलावची. मेट्रो सिनेमाच्या समोर 1904 पासूनची कयानी अँड कंपनी आणि तिथून जवळच 1913 ची ससानियन. इराणच्या यझ्द-केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी मुंबईभर अशी दुकानं थाटली. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इथले व्यापारी ती टाळत आणि इराण्यांनी नेमके तेच कोपरे धरले, असं सांगतात. मला या गोष्टीने फार बरं वाटतं. अपशकुनाला दोन रस्त्यांकडे तोंडं होती, तर गिऱ्हाइकंही दोन्ही रस्त्यांनी आत आली. कयानीत अजून वळणदार पाठीच्या लाकडी खुर्च्या आहेत, चौकटींची टेबलक्लॉथं आहेत, आणि जुन्या दस्तऐवजासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारी खारी आहे. ती चहात किती वेळ बुडवायची यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. नवरा उतावळा, मुलगा चिंतनशील. त्याची अर्धी खारी नेहमी कपाच्या तळाशी सापडते.

पण खरी गोष्ट मावा केकची. सासूबाईंच्या शाकाहाराला घरात घटनेचा दर्जा आहे. त्यांच्या मते चमच्यालासुद्धा पूर्वेतिहास असतो, आणि तो विचारल्याशिवाय त्या बाहेरची आमटी वाढून घेत नाहीत. त्याच सासूबाई कयानीत बसल्या की कागदात बसवलेला तो तपकिरी, वेलदोड्याच्या वासाचा केक बशीत ओढतात आणि त्यात काय आहे याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. चातुर्मासातही नाही. कांदा-लसूण बंद, केक चालू. एकदा मुलाने निरागसपणे फोनवर त्याची कृती काढली आणि "आजी, यात..." एवढंच म्हणाला. "फोन ठेव आणि गरम आहे तोवर खा," त्या म्हणाल्या. केक गार होता.

या मौनाचा इतिहास मला पुष्कळ उशिरा कळला. लग्न होऊन त्या गिरगावात आल्या तेव्हा सासरे फोर्टातल्या एका कचेरीत होते. संध्याकाळी ते चालत घरी यायचे आणि वाटेत धोबी तलाव लागायचाच. पगाराच्या दिवशी सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका यायचा. नव्या सुनेने पहिल्यांदा शंका काढली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, माव्याचा आहे. म्हणजे पेढ्याचा भाऊच की." तेवढ्यावर प्रश्न मिटला. चाळीत शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं, नाताळात त्यांच्याकडे केक व्हायचा, तेव्हा त्यात काय काय फोडून घालतात हे सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बोलल्या नाहीत. तेही बोलले नाहीत. खोका मात्र दर महिन्याला येत राहिला. संसारात माणसं एकमेकांशी खरं बोलतात असं आपण उगीच समजतो. पुष्कळदा ती एकमेकांचं खोटं नीट सांभाळत असतात.

गिरगावचीच दुसरी आठवण त्या मोठ्याने सांगतात. दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बायका बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. नंबर लावायचा, आपल्या तव्यावर डोळा ठेवून बसायचं. भट्टीतून तवे बाहेर आले की प्रत्येकीला वाटे, आपल्या तुपाची नानकटाई पलीकडच्या डब्यात गेली. सासूबाईंची ही शंका अजून गेलेली नाही. पलीकडच्या डब्याची मालकीण कोण होती, हेही त्यांना पक्कं आठवतं.

भायखळ्याला 1908 ची अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी आहे. पाटी वाचून मुलाने बापाचं क्रेडिट कार्ड मागितलं. त्याच नावाच्या कंपनीच्या बोटींना पाव पुरवल्यामुळे हे नाव पडलं म्हणतात, हे मी सांगेपर्यंत दोघं आत शिरले होते. पोर्तुगीजांचा पाव गोव्याच्या हातांनी मुंबईत आला, इराण्यांनी त्याला मस्का लावला, आणि आपण त्यात वडा घातला. या शहराचा एवढा इतिहास माझ्या मते शाळेत पुरे. डिसेंबरात वांद्र्याला गेलो की कलकल मिळतात, कंगव्यावर वळून तळलेले. सासूबाईंनी एक उचलून उलटसुलट पाहिला आणि निर्णय दिला, "शंकरपाळीच आहे, जरा लाजलेली." रांगेतल्या कॅथलिक आजींना तो पटला. मग तूप की नारळाचं दूध यावर दोघींची जी बैठक जमली, ती आम्हाला मोडावी लागली.

जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. धूर वाईटच, आमच्या घरात दम्याचं औषध कपाटात पहिल्या खणात असतं, त्यामुळे मी कोर्टाच्या बाजूची. नाक मात्र अजून अपिलात आहे. ब्रून पावाच्या कडक पाठीवरचा तो किंचित जळका वास गॅसला साधेल का, यावर नवऱ्याने फार बोलून घेतलं आणि बोलता बोलता दोन ब्रून संपवले.

तेव्हा जायचं तर सकाळी लवकर जा, चांगला माल दुपारपर्यंत राहत नाही. खारीसाठी पिशवी नको, डबा न्या. आणि शेजारच्या टेबलावर एखाद्या आजीबाई डोळे अर्धे मिटून मावा केक खात असतील, तर कृपा करून त्यात काय काय असतं ते वेटरला मोठ्याने विचारू नका.