सोवळ्यातली बिअर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अमेरिकेतल्या अशा मराठी बांधवांसाठी आहे, ज्यांच्या घराला गराज आहे आणि ज्यांना शनिवारी दुपारी काय करावं हा प्रश्न पडतो. तिथे घरी बिअर करायला १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने केंद्राची मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. (अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती, पण तो वेगळा विषय.) पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे निव्वळ करमणूक म्हणून वाचावं. तिकडे १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि विनापरवाना बिअर करणाऱ्याकडे उत्पादन शुल्क खात्याची माणसं छंदाची चौकशी करायला येत नाहीत.

सुरुवात खरेदीने करावी. आठ गॅलनचं स्टीलचं पातेलं, झाकणाचा फर्मेंटर, एअरलॉक, उकळलेला काढा थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, थर्मामीटर, हायड्रोमीटर, झाकणं बसवायचं यंत्र. हे सगळं हसतहसत घ्यावं. मग कार्डाचं बिल येतं, आतला मराठी माणूस खडबडून जागा होतो आणि काटकसर कुठे करता येईल ते शोधू लागतो. मॉल्टमध्ये करता येत नाही, हॉप्समध्ये करवत नाही. उरते कोपऱ्यातली सॅनिटायझरची बादली.

आता थोडं शास्त्र. मॉल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर उकळतो तेव्हा त्यातले उपद्रवी जंतू मरतात. धोका असतो तो निवल्यावर. कोमट, गोड, पौष्टिक वर्ट आणि यीस्टने अजून ताबा घेतलेला नाही, अशा वेळी हवेतले रानटी यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आमंत्रणाची वाट बघत नाहीत. म्हणून उकळी बंद झाल्यानंतर जे जे वर्टला लागेल, ते ते सोवळ्यात हवं. इथे अमेरिकन पुस्तकं स्वच्छ आणि निर्जंतुक यांतला फरक पानंच्या पानं समजावत बसतात. आपल्याला एवढं पुरे : आंघोळ झाली म्हणजे सोवळं झालं असं नाही. घासलेला फर्मेंटर म्हणजे आंघोळ झालेला माणूस. त्याला अजून गाभाऱ्यात सोडायचं नाही.

हे सोवळं नेसवायला बहुतेक मंडळी स्टार सॅन वापरतात. फॉस्फरिक आम्ल आणि फेस आणणारं एक द्रव्य असा हा मामला. पाच गॅलन पाण्यात एक औंस, म्हणजे साधारण ३० मिली. एकदोन मिनिटं भांडं ओलं राहिलं की काम झालं. नंतर धुवायचं नाही. नवशिक्याला हे पटत नाही. फर्मेंटरमध्ये वीतभर फेस बघून त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो सगळं नळाखाली खळखळून काढतो, म्हणजे सोवळं नेसून बाजारात एक चक्कर मारून येतो. फेस राहू द्यावा. तेच आम्ल कोलाच्या बाटलीतून आपण वर्षानुवर्षं पैसे देऊन पितो.

आता मुख्य विधी : बादली पुन्हा वापरणे.

आधी हिशेब. ३२ औंसांच्या बाटलीत ३२ बादल्या होतात. आणि खरं तर बादली लागतच नाही : एक गॅलन पाणी, सहा मिली द्रव आणि एक फवाऱ्याची बाटली एवढ्यात अख्खा दिवस निघतो. हा हिशेब नवशिक्याला सांगू नये, त्याच्या आयुष्यातला रस जातो. त्याने पाच गॅलनच करावं, काम संपल्यावर झाकण लावावं आणि झाकणावर तारीख लिहायची राहून जावी.

पुढच्या शनिवारी संवाद ठरलेला असतो.

"अहो, ते घाण पाणी ओतू का? मला बादली हवीये."

"हात लावू नकोस! ते सॅनिटायझर आहे!"

"त्यात माझा डाव पडलाय."

डाव बाहेर काढावा. तळाशी हॉप्सचा हिरवा गाळ, कडेला कुत्र्याचा एक केस आणि मध्ये संथ फिरणारं बाटलीचं झाकण असेल. या टप्प्यावर नवशिके डोळ्यांनी निदान करतात. फेस येतोय ना, मग चांगलं आहे! हे निदान चुकीचं आहे. फेस आणणारं द्रव्य वेगळं, आम्लता वेगळी. गढूळ दिसतंय म्हणून घाबरणाऱ्यांचंही तेच. जड पाण्यात हे मिश्रण तासाभरातही दुधाळ होतं. अनुभवी मंडळी पीएचची पट्टी बुडवतात : तीनच्या खाली असेल तर वापरा, वर गेलं की ओता. डिस्टिल्ड पाण्यात केलेलं, झाकून ठेवलेलं मिश्रण आठवडेच्या आठवडे टिकतं. मात्र गाळ, केस असलं काही पडलं असेल तर पट्टीला विचारायचीसुद्धा गरज नाही, कारण मळाआड लपलेल्या जंतूपर्यंत आम्ल पोचत नाही. आणि भांडी घासायची पावडर अल्कलीयुक्त असते. ती नीट न धुता भांडं बादलीत बुडवलंत, तर दोघं एकमेकांना मारतात आणि जंतू बघत बसतात.

आयोडोफोर हे आयोडीनचं सॅनिटायझर वापरणाऱ्यांचं बरं असतं. पाण्याला तांबूस-पिवळा रंग असतो, रंग गेला की आयोडीन गेलं. उघड्या बादलीतलं आयोडीन उडून जातं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचा भरवसा धरू नये. प्लॅस्टिकला डाग पडतात, तेवढं सोसावं.

ब्लीचने काम भागवणारा एक काका प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतो. ते स्वस्त आहे आणि जंतूही मारतं, यात वाद नाही. पण नीट धुतलं गेलं नाही तर क्लोरीनची मॉल्टमधल्या फिनॉलांशी गाठ पडते आणि क्लोरोफिनॉल तयार होतं. त्याची चव जखमेवरच्या चिकटपट्टीसारखी लागते, आणि अगदी कणभर असलं तरी जिभेला कळतं. काका तिला 'बेल्जियन स्टाइल' म्हणतात.

एक गोष्ट कोणतंही द्रावण करू शकत नाही. घासणीने चरे पडलेली प्लॅस्टिकची बादली त्याच्याने सोवळ्यात येत नाही. चऱ्यांत जंतू घर करतात. फर्मेंटर आतून मऊ फडक्यानेच पुसावा, आणि चरे दिसले की त्यात कपडे भिजवायला घ्यावेत.

एवढं करूनही तीनच्या वर गेलेल्या बादलीवर कुणी बिअर केलीच, तर जिवावर बेतण्याची शक्यता फारशी नाही. अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता यांच्यापुढे रोगाचे जंतू सहसा तग धरत नाहीत. बिघडते ती चव, आणि वाढतो तो दाब : रानटी यीस्ट उरलेली साखर खात बसतं, बंद बाटलीत वायू साठत जातो, कधी कधी बाटली फुटते. तेव्हा गणेशोत्सवानंतर एखाद्या उत्साही गृहस्थाने घरची बाटली कौतुकाने हातात ठेवली, तर आधी ती चांगली गार करा, मग सिंकवर धरून, तोंड बाजूला करून हळू उघडा. आणि त्याला सहज विचारा, पीएचच्या पट्ट्या कुठून घेता म्हणून.