रुमालातले सरदार

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'सरदार' म्हणतात. त्यातली थट्टा फक्त त्यांनाच कळलेली नाही. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याभरात आपल्या रक्तात काहीतरी आहे असा त्यांना साक्षात्कार झाला. डॉक्टर म्हणाले, साखर. सरदार म्हणाले, घराणं.

पहिला पूर्वज त्यांनी पानिपतावर धाडला. असं बरेच जण करतात आणि त्यात शहाणपण आहे. १४ जानेवारी १७६१ ला तिथं पडलेला माणूस 'तुम्ही कोण हो माझे?' असं विचारायला परत येत नाही. मग एका बुधवारी जुन्या बाजारातून तलवार आली. ती इतकी गंजलेली की म्यानातून निघेचना. ''आमच्यात उगाच उपसायची पद्धत नाही,'' सरदारांनी सांगितलं.

पुढे वाचनालय. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून घेतले. ते सरदारांनी आठवड्यात उरकले, कारण ते मजकूर वाचत नसत, पानावरून बोट फिरवत आपलं आडनाव शोधत. ज्या पानावर ते नाही, त्या दिवशी पेशवाईत काही घडलंच नाही.

छापील सरदारकी हाती लागेना तेव्हा त्यांना गावी येणारा हेळवी आठवला. कोल्हापूर-सांगलीकडे हे लोक घरोघरच्या पिढ्या वहीत बाळगून असतात. सुगी झाली की दारात येतात, वंश वाचतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. सरदारांनी सोफ्यावर बसून पिढ्या ऐकल्या आणि हळूच विचारलं, ''यात कुणी सरदार, निदान शिलेदार?'' तो म्हणाला, ''न्हाई जी.'' सरदारांनी ज्वारीचं अख्खं पोतं पुढं सरकवलं. ''पोतं द्या की. पर वहीत हाय तेवढंच वाचनार.'' एवढ्या सचोटीचा माणूस इतिहासाच्या क्षेत्रात मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी आम्ही दोघं मोडीच्या वर्गाला गेलो. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचीही फिकीर नाही. तोडायचं कुठं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. सरदारांच्या हाती जणू कात्रीच आली. एका रात्री अकराला त्यांनी माझी बेल वाजवली. ''सापडले! सबा, सबैन, मया आणि अलफ. चौघं! मया बहुधा बाई असावी.'' ते साल होतं. अरबी आकड्यांतलं शुहूर सन ११७७, म्हणजे इसवी १७७६-७७. बिचाऱ्यांना बाकीच्यांचं फारसं वाटलं नाही, मयाचं मात्र वाटलं.

पण कागद खरा होता. भावकीतल्या कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून आलेला आणि त्यात त्यांचा पूर्वज चक्क नावानिशी हजर. मी वाचून दाखवला. बैल सरकारी कुरणात चरताना सापडला, सबब गुन्हेगारी रुपये दोन. तेव्हा गुन्हेगारी म्हणजे दंड. पूर्वजानं अर्ज केला होता की बैल म्हातारा आहे, सरकारचं गवत कुठलं आणि आपलं कुठलं हे त्याला उमगत नाही. त्यावर एक रुपया माफ.

मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो. पानिपतावरच्या त्या गुळगुळीत वीरापेक्षा हा किती जिवंत! सरदार दोन दिवस खाली फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वंशवृक्ष नव्यानं छापून आणला. त्यात पूर्वजाच्या नावाखाली ओळ होती: 'कुरणप्रश्नी सरकारशी यशस्वी वाटाघाटी'. ''नोंद आहे हो आमची, सरकारदरबारी!''

काकूंनी चष्मा लावून ते झाड खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा. दहा पिढ्या मागं गेलं तर त्या एका पायरीवर १०२४ माणसं उभी राहतात, असा हिशेब मी सहज केला. ''म्हणजे पाचशे बारा बायका,'' काकू म्हणाल्या, ''आणि यांना सापडला एक बैलवाला.''

तो कागद आता लाल कापडात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो. दप्तरखान्यात अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात, म्हणून सरदारही रुमालच म्हणतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांच्या चिरंजीवांची गाडी भलत्या जागी लावल्याबद्दल पाचशे रुपये दंडाची पावती आली होती. सरदार मुलावर खेकसत होते. काकूंनी शांतपणे रुमालाची गाठ सोडली, पावतीची घडी करून आत ठेवली.

''ते कशाला तिथं?'' सरदार ओरडले.

''असू दे,'' गाठ मारत काकू म्हणाल्या, ''सरकारदरबारची नोंद आहे.''