३०० एमबीपीएस आणि आमच्या सासूबाई

डोंबिवलीत रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटपाशी मोठी छत्री उघडलेली दिसली की समजावं, पाऊस नाही, प्लॅन आलाय. छत्रीखाली टेबल, टेबलावर गुळगुळीत पत्रकं, आणि मागे गळ्यात आयकार्ड अडकवलेले दोन घामाघूम मुलगे. आपल्या घरात किती माणसं, कोण काय बघतं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. ते एकच विचारतात, "सर, सध्या कोणाचं नेट आहे?" तुम्ही कोणाचंही नाव सांगा, ते एकमेकांकडे असं बघतात की आपलीच आपल्याला कीव यावी.

आमच्या नवऱ्याला ही कीव सहन होत नाही. आमच्या नेटचं वर्ष संपत आलं होतं, म्हणून तो तीन रविवारची पत्रकं घेऊन वर आला आणि लॅपटॉप उघडून त्याने एक्सेलमध्ये तक्ता मांडला. स्पीड किती, भाडं किती, जीएसटी धरून की सोडून, राउटर फुकट की डिपॉझिट, बारा महिन्यांचे एकदम भरले तर वर किती महिने मोफत, ओटीटी अॅप कोणकोणती. कंपन्यांना गुण दिले, रंग दिले. तक्ता देखणा झाला होता. फक्त त्यात एक रकाना नव्हता, तो म्हणजे 'आईला संध्याकाळी साडेसातला काय लागतं'.

तसं पाहिलं तर घरात चार माणसं चार वेगळ्या वस्तू विकत घ्यायला निघाली होती. नवऱ्याला हवा होता स्पीड, चिरंजीवांना गेममध्ये 'लॅग' नको होता. मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. मीटिंगमध्ये बोलताना माझं तोंड उघडं असताना चित्र गोठू नये, एवढीच माझी अपेक्षा. आणि सासूबाईंचं म्हणणं, बटण दाबलं की लागलं पाहिजे. कोणतं बटण? "एकच."

स्पीडचं आधी सांगते, कारण आमच्याकडे त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. छत्रीवाला १०० एमबीपीएस म्हणतो ते मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, आणि सिनेमे, फोटो, फायली सगळं बाइटांत मोजतात. म्हणजे सिनेमा उतरवायला घेतला की १०० च्या जागी फार तर साडेबारा दिसतात. यात फसवणूक नाही, फक्त विकणाऱ्याला जे माप मोठं दिसतं त्यात तो विकतो. नवऱ्याने हे मला समजावून सांगितलं आणि म्हणाला, "म्हणूनच आपण ३०० घ्यायचं." मी विचारलं, "लागतं किती?" तर एचडी चित्र बघायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-के म्हटलं तरी २५ च्या आत काम भागतं. घरातल्या चौघांनी एकाच वेळी चार टीव्हींवर फोर-के लावलं तर १०० लागतील. आमच्याकडे टीव्ही दीड आहे. हॉलमधला स्मार्ट एक, आणि सासूबाईंच्या खोलीतला जुना अर्धा.

सरकारचं धोरण याबाबतीत आमच्या सासूबाईंसारखं समाधानी आहे. २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ मध्ये ती मर्यादा वाढवून २ मेगाबिट केली. म्हणजे कागदोपत्री २ मिळाले तरी तुम्ही ब्रॉडबँडवाले. आमचे हे ३०० च्या खाली बोलायलाच तयार नव्हते.

मग 'अनलिमिटेड'. पत्रकावर हा शब्द इतका मोठा की घडी त्याच्यावरच पडते. खाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की महिन्याला ३३०० जीबी झाले की वेग कमी केला जाईल. नवरा अस्वस्थ झाला. "ही काय पद्धत आहे?" त्याने हिशेब मांडला. एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबी खातं, म्हणजे ३३०० जीबीमध्ये ११०० तास. तीस दिवसांच्या महिन्यात एकूण तास ७२०. न झोपता, न आंघोळ करता महिनाभर टीव्ही बघितला तरी ३८० तास शिल्लक राहतात, हे स्वतःच सिद्ध केल्यावरही तो म्हणाला, "तरी पण लिमिट ते लिमिटच."

खरं तर घरातल्या नेटचा वेग कंपनीच्या हातात उंबरठ्यापर्यंतच असतो. पुढे आमच्या भिंती सुरू होतात. वायर घेऊन येणारा मुलगा ड्रिल मशिन घेऊन येतो आणि खिडकीजवळच्या ज्या कोपऱ्यात त्याला सोपं पडतं तिथे राउटर ठोकून जातो. राउटरचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान, पण भिंत आडवी आली की त्याचा दम संपतो. २.४ चा हळू, पण तो भिंतीपलीकडे पोचतो. आमच्या आतल्या खोलीच्या वाटेत सासूबाईंचं लग्नातलं लोखंडी कपाट आहे. त्याच्यापुढे दोन्ही पट्टे हात टेकतात. ३०० एमबीपीएस त्या कपाटाला येऊन धडकतात आणि मागे माझ्या वाट्याला येते ती गोल फिरणारी चकली. कपाट हलवण्याचा विषय मी काढला नाही. कंपनी बदलणं सोपं होतं.

आणि मायक्रोवेव्हही २.४ वरच चालतो. मी भात गरम करायला ठेवला की आतल्या खोलीत नवऱ्याची मीटिंग अडखळते. कधी ती फारच लांबली तर मी भात पुन्हा गरम करते.

टीव्हीची निवड ही वेगळीच पोथी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा प्रेक्षकापुढे दोनच पर्याय होते, चालू किंवा बंद. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. तोवर इमारतींच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि प्रत्येक गल्लीला आपापला केबलवाला लाभला होता. तो लावील ते बघायचं आणि एक तारखेला त्याला पैसे द्यायचे. त्या काळात कुणी एक्सेल उघडल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या घरातली पहिली एक्सेल २०१९ ची. १ फेब्रुवारीपासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. जे बघाल त्याचेच पैसे भरा, असं त्याचं गोड रूप होतं. आधी १३० रुपये नुसत्या जोडणीचे, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यात शंभर चॅनल, पण एचडी घेतलं तर एकाचे दोन मोजायचे. वर पैशांची चॅनल वेगळी. १९ रुपयांहून महाग चॅनल पॅकमध्ये घालता येणार नाही असा नियम होता, म्हणून ज्यांना मागणी होती अशा कित्येक चॅनलांनी आपली किंमत नेमकी १९ ठेवली. नवऱ्याला हा नियम म्हणजे आपल्या बुद्धीचा सरकारी सन्मान वाटला. रात्री जागून त्याने यादी केली, नको ती चॅनल उडवली आणि महिन्याला भरपूर पैसे वाचवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला सासूबाईंनी टीव्ही लावला. समोर पाटी आली, 'हे चॅनल आपण घेतलेले नाही.'

"अरे, बातम्यांची आठ ठेवलीस, त्यातली सात भांडायची. माझं एक काढलंस होय?"

ते एक परत घ्यायला गेलो तर सुटं घेण्यापेक्षा पॅकमध्ये स्वस्त पडत होतं, आणि पॅकमध्ये त्याच्यासोबत कार्टूनची, गाण्यांची आणि एका अनोळखी भाषेतली चॅनल होती. वाचवलेले पैसे तर गेलेच, वर आणखी थोडे गेले. सासूबाई अधूनमधून ते अनोळखी भाषेतलंही बघतात. म्हणतात, "सून तिकडेही तशीच आहे."

यंदा म्हणून नवऱ्याचा आग्रह होता, एकच वायर, एकच बिल. टीव्हीसुद्धा नेटवरूनच. केबल बंद, गच्चीवरची डिश तर केव्हाच बंद. डिशचा अनुभव होताच. तिच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात, त्यामुळे कोकणात मुसळधार पावसाचा इशारा आहे हे सांगणारी बाई नेमकी त्याच पावसात गायब होते. डोंबिवलीतल्या जुलैत आम्ही महिनाभर 'सिग्नल उपलब्ध नाही' ही एकच मालिका पाहिली आहे. त्या डिशचा डबा माळ्यावर आहे, त्याआधीच्या कंपनीचाही आहे. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कुठल्याही कंपनीत नेता येतो, पण एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही. गणपतीचं सामान काढायला माळ्यावर चढलं की आधी हे डबे खाली द्यावे लागतात.

एकच वायर कोणाची, यावर उमेदवार दोन उरले. एक मोठी कंपनी, दुसरे आमचे केबलवाले दादा. दादांनी काळाची पावलं ओळखून केबलच्या जोडीला नेटही सुरू केलंय. त्यांची वायर मागच्या आंब्याच्या झाडावरून येते आणि मोहराच्या दिवसांत थोडी हलते. तक्त्यात दादांना लाल रंग मिळाला होता. अॅप नाही, पावती मागितली तर व्हॉट्‌सअॅपवर अंगठा. पण तक्रार केली की दादा म्हणतात, "वहिनी, पाच मिनिटांत पोरगा पाठवतो," आणि तो दोन तासांत येतो. उशीर झालाच, तर दादा संध्याकाळी भाजी बाजारात सापडतात. कोथिंबिरीची जुडी निवडत असलेल्या माणसाला "आमचं नेट?" असं विचारता येणं ही सोय कुठल्याही प्लॅनमध्ये लिहिलेली नसते.

मोठ्या कंपनीकडे आम्ही पूर्वी एकदा नांदलो आहोत. एका सकाळी राउटरवर लाल दिवा लागला. खाली रस्ता काँक्रीटचा करायला जेसीबी आला होता आणि त्याच्या दातांत नारिंगी पाइप लोंबत होता. खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. मी फोन लावला. मराठीसाठी दोन दाबलं, हिंदीत माणूस आला.

"मॅडम, एकदा राउटर बंद करून चालू करा."

"अहो, तुमची वायर जेसीबीच्या तोंडात आहे."

"जी मॅडम. बंद करून तीस सेकंद थांबा."

मी थांबले. खाली जेसीबीही थांबला, ड्रायव्हर चहाला गेला. अॅपवर हिरव्या अक्षरांत लिहून आलं, 'आपल्या भागातील सर्व सेवा सुरळीत आहेत.' वायर तिसऱ्या दिवशी जोडली. तक्रार मात्र त्यांनी पहिल्याच संध्याकाळी 'समाधानकारकरीत्या बंद' केली होती आणि मला पाचपैकी किती तारे देणार, असं विचारलं होतं.

तरी ३०० चा मोह मोठा. नवऱ्याने मोठ्या कंपनीचंच घेतलं. हॉलमधला टीव्ही त्यावर चालू लागला आणि सासूबाईंची शिकवणी सुरू झाली. आधी टीव्ही, मग होम, मग अॅप, मग 'कोण बघतंय?' असं विचारणारे चार गोल चेहरे. "मी बघत्येय, दिसत नाही का त्याला?" चिरंजीवांनी तोड काढली, "आजी, बटणं दाबू नकोस. रिमोटच्या माइकमध्ये नुसतं बोल." सासूबाईंनी पदर सारखा केला, रिमोट तोंडाजवळ धरला आणि परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने म्हणाल्या, "काल कुठपर्यंत आलं होतं, तिथून पुढे लावा." टीव्हीने थोडा विचार केला आणि कुकरच्या शिट्टीची दुरुस्ती दाखवायला सुरुवात केली. सासूबाईंनी ती शांतपणे शेवटपर्यंत बघितली आणि रात्री जेवताना सांगितलं, "माझ्या खोलीतली केबल काढायची नाही."

तेव्हा आता आमच्याकडे वायरी दोन आणि बिलं दोन. हॉलमध्ये मोठी कंपनी, आतल्या खोलीत दादा. तक्त्याचं शेवटचं पान नवऱ्याने उघडलेलं नाही.

या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र कुणीच धरली नव्हती. क्रिकेटचा सामना नेटवरून येतो तो काही सेकंदांचे तुकडे करून. पुढचे दोनतीन तुकडे हाताशी साठले की मग चित्र सुरू होतं, म्हणजे मध्ये अडखळायला नको. सासूबाईंच्या खोलीतला सामना ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जातो, तेवढाच खाली येतो, केबलच्या कंट्रोल रूममधून आंब्याच्या झाडावरून घरात शिरतो. त्या सगळ्या आकाशवारीला पाव सेकंद लागतो. सगळी धावपळ धरूनही तो आमच्या ३०० एमबीपीएसच्या बराच आधी पोचतो. कधी पंधरा सेकंद, कधी त्याहून जास्त.

चिरंजीवांच्या हे लवकर लक्षात आलं. पाणी प्यायला म्हणून तो आत जातो, आजीच्या दारातून डोकावतो आणि बाहेर येऊन बापाला म्हणतो, "बाबा, मला वाटतं याची आता विकेट जाणार. लावता पाणीपुरीची पैज?" पैजेत आजीचा वाटा ठरलेला आहे, एक शेवपुरी, कांदा वेगळा. त्या बदल्यात ती 'गेला मेला!' असं मोठ्याने ओरडत नाही.

नवऱ्याला याचा संशय आलेला नाही. उलट परवा तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पोराला खेळाची जाण उपजत आहे गं. आपल्या लक्षात कशी आली नाही?" क्रिकेटच्या कोचिंगची त्याने चौकशी केली आहे. चार क्लासांच्या फीचा तक्ता तयार आहे, त्यात दोन क्लास हिरवे आहेत.